खालच्या कुणग्यातलं पाणी

संदेशला फक्त तारीख हवी होती.

"अक्षे, मला ते टक्के-बिक्के काही सांगू नकोस," तो भांडुपहून फोनवर ओरडत होता. मागे कारखान्यातल्या यंत्रांचा खडखडाट चालू होता. "सोमवारच्या आत सुट्टीचा अर्ज टाकायचाय. आठ दिवस मिळतात, नववा मागितला तर साहेब डोळे वटारतो. लावणी कधी येणार तेवढं सांग. एवढी शिकलीस ना?"

अक्षया रत्नागिरीत मांडवीच्या घराच्या गच्चीवर उभी होती. मे महिना सरत आला होता आणि समुद्राचा निळा रंग जाऊन तो गढूळ दिसायला लागला होता. संख्याशास्त्रात एमएस्सी झाल्यापासून नातेवाइकांनी तिला लॉटरीच्या नंबरापासून अकरावीच्या कटऑफपर्यंत सगळं विचारून झालं होतं. तिला त्याचा राग येत नसे. पण संदेशदादाचा प्रश्न थट्टेचा नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

लांज्याच्या बाजूला कोंडवाडीत काशीरामकाकांची भातशेती होती, बांध घालून पाडलेल्या कुणग्यांची. काका म्हणजे संदेशचे वडील, अक्षयाच्या बाबांचे थोरले भाऊ. गेल्या वर्षी संदेश लावणीसाठी आठ दिवस आला आणि नेमका तेव्हाच पाऊस गप्प झाला. चिखलच नाही तर रोपं लावणार कशात? तो पडवीत बसून राहिला, परत मुंबईला गेला आणि तो गेल्यावर पाऊस कोसळला. मग काकांनी दुखरा गुडघा घेऊन, हौसाकाकीला बरोबर घेऊन जमेल तशी लावणी उरकली. तोवर रोपं जून झाली होती. पेंढा भरपूर आला, दाणा नाही. यंदा शिमग्याला काकांनी जाहीर करून टाकलं होतं, "या वर्षी वेळेत लावणी झाली तर ठीक. नायतर मळ्यात चर खणून सुपारी." रोपवाटिकेत सुपारीची रोपं सांगूनही ठेवली होती. हो की नाही ते जुलैच्या मध्यापर्यंत कळवायचं होतं. सुपारी एकदा उभी राहिली की माणसाच्या हयातीत त्या मळ्यात पुन्हा भात होत नाही.

"बातम्यांत तर सांगतायत, यंदा एल निनो, पाऊस कमी," संदेश म्हणाला. "मग उशिरा येणार का?"

"दादा, तो अंदाज अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा मिळून आहे. त्यात कोंडवाडीचा जुलैचा पहिला आठवडा शोधायचा म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"समुद्र आळशी असतो बघ. तापायला महिने लावतो, निवायला महिने लावतो. म्हणून त्याच्याकडे बघून पुढच्या चार महिन्यांचं थोडंफार बोलता येतं. हवा विसरभोळी. आठवड्यापूर्वी आपण काय करत होतो ते तिच्या लक्षात नसतं. म्हणून तारीख कुणी सांगत नाही."

"तू सांग," संदेश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

नाही म्हणता आलं असतं. पण प्रश्न डोक्यात शिरला की तो तिथे खुर्ची ओढून बसायचा, असा अक्षयाचा स्वभाव होता. पावसाच्या जुन्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात. त्यांत देशाचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाचा रोजचा पाऊस असतो. कोंडवाडी ज्या चौकोनात येत होती त्यात निम्मा लांजा तालुका मावत होता, पण हाताशी होतं ते एवढंच. तिने एल निनोची वर्षं लाल ठिपक्यांनी काढली आणि बाकीची निळ्या. लाल ठिपके सगळे खाली बसतील असं तिला वाटलं होतं. पाहते तर लाल-निळ्याची भेळ. रत्नागिरीत पाऊस कमी पडला तरी तो इतका पडतो की भाताला त्याचं काही वाटत नाही. भाताचं अडतं ते मधल्या उघडिपीवर, आणि ती उघडीप दर वर्षी वेगळ्या आठवड्यात.

हे तिला फार आवडलं. रात्री जेवताना तिने आईला ठिपके दाखवले. आई म्हणाली, "छान आहेत, आमटी वाढू?"

मग तिने प्रश्न उलटा केला. पाऊस कधी येणार, हे सोडून दिलं. रोपं लावायच्या वयाची झालेली असतील आणि त्याच वेळी चिखलणीपुरतं पाणी पडलेलं असेल, असा कुठला आठवडा सर्वांत जास्त वर्षं जुळून आला, ते मोजलं. उत्तर आलं पाच जुलैपासूनचा आठवडा. दहातल्या साधारण आठ वर्षी जमलं असतं. उरलेल्या दोन वर्षी माणूस पडवीत.

तिने संदेशला लांबलचक मेसेज लिहिला. पहिल्या ओळीत तारीख आणि खाली तीन परिच्छेद 'पण'चे. संदेशने पहिली ओळ वाचली आणि अंगठा पाठवला.

*

जूनच्या अखेरीस अक्षया स्वतःच कोंडवाडीला गेली. पाऊस व्यवस्थित लागला होता, रोपं वीतभर झाली होती आणि आपला आकडा खरा ठरतो का हे तिला तिथे उभं राहून पाहायचं होतं.

एसटीतून उतरून पऱ्याच्या, वाडीच्या ओढ्याच्या, कडेने ती वाडीत शिरली तेव्हा अनिल फणसाखाली पॉवर टिलर उघडून बसला होता. वाडीत टिलर त्याचा एकट्याचाच. सात घरांची चिखलणी तोच करायचा.

"आलीस? या, तारीखबाई, या!" तो हातातला पाना उंचावून म्हणाला. "बरं केलंस हो. आमचे चाकरमानी कंदी येतील, कंदी न्हाय, दर वर्षी डोक्याला ताप. यंदा सातच्या सात घरांचे पाच तारखेला उतरतायत. तिकिटंसुद्धा एका डब्यातली काढल्यानी."

"सातही?" अक्षयाने विचारलं. तिला आधी बरंच वाटलं. "पण मी तर फक्त संदेशदादाला सांगितलं होतं."

"त्याने मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकलंन. 'आमच्या अक्षयाने कंप्यूटरवर काढलंन' म्हणून. मग कोण ऐकतंय?"

अनिलने बोल्ट घट्ट केला आणि जरा थांबून म्हणाला, "फक्त येक हाय. माझा टिलर येकच हाय."

अक्षया त्याच्यासमोर दगडावर बसली. "मग दर वर्षी कसं करता?"

"दर वर्षी कुठं काय ठरलेलं असतंय? येकाला वाटतं लवकर होईल, तो जूनातच येतो. येकाला वाटतं उशिरा. येक गाडीतून उतरतो, दुसरा गाडीत बसतो. जो असेल तो सगळ्यांच्या कुणग्यात उतरतो. तीन आठवडे चालतं रडतखडत, पण होऊन जातं. यंदा आठ दिवसांत सगळी वाडी, आणि मंग कोण न्हाय. मी काय टिलर फाडून सात करू?"

तो हसला. अक्षयाला हसू आलं नाही. आजवर ही सात माणसं आपापल्या अंदाजाने सात वेगवेगळ्या दिशांना चुकत आली होती आणि त्या चुकांमुळेच वाडीत तीन आठवडे कुणी ना कुणी हजर असायचं. तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं. एका माणसासाठी ते सर्वांत चांगलं होतं. सात जणांनी मिळून घेतलं की वाईट. आणि त्या आठवड्यात पाऊस थांबला तर सातही जण एकदम पडवीत.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण भीतीच्या आधी तिच्या मनात आलं, हे गणित किती सुंदर आहे! मग तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण समोरच्या घराच्या पडवीत काशीरामकाका गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

*

तिने त्याच दुपारी ग्रुपवर लिहिलं. या खेपेला 'पण' पहिल्या ओळीत घातला. सगळे एकदम येऊ नका, निम्म्यांनी तरी आठवडाभर उशिरा या.

फोनवर फोन आले. कुणी म्हणालं, तिकीट कन्फर्म आहे. कुणी म्हणालं, साहेब आता हाकलेल. कुणी नुसतं हसलं, "हवामानखातं बदललं काय गो?" शेवटी तिघांना जमलं. तिघांतला एक संदेश होता, तोही चिडूनच तयार झाला.

"मी बदलली सुट्टी," तो म्हणाला. "जोडीदाराच्या पाया पडून अदलाबदल केली. तेरा तारखेला येतो. पण अक्षे, बाबांनी सुपारीवाल्याला पंधराला सांगायचंय. तोवर आमच्या मळ्यात एक काडी लागलेली नसेल. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग झालं."

काकांना तिने जेवताना सांगितलं. काका भात कालवत राहिले. "म्हणजे आमचं परत शेवटीच," एवढंच म्हणाले. काकी पटकन म्हणाली, "खाली मान घालून जेव गो तू. मासा थंड होतो." पण काकीनेही ताटात भात नेहमीपेक्षा कमी घेतला होता.

आणि तीन जुलैला पाऊस थांबला.

थांबला म्हणजे अगदी थांबला. वाडीच्या डोक्यावरच्या सड्यावर ऊन पडलं, कातळ सुकला, पऱ्याचा आवाज बारीक झाला. पाच तारखेला मुंबईहून चौघे उतरले तेव्हा वाडीतल्या अंगणात पापड वाळत होते.

वाडीची शेती उतरत्या पायऱ्यांसारखी होती. सर्वांत वरचे कुणगे गंगुबाईआजीचे. पऱ्याचं पाणी पाटाने आधी तिथे यायचं, मग बांध फोडून एकेका कुणग्यातून खाली उतरत शेवटी सर्वांत खालच्या कुणग्यांत, काकांच्या मळ्यात. लावणीही त्याच क्रमाने. रोपांची पहिली मूठ गंगुबाईआजीच्या वरच्या कुणग्यात, तिच्याच हाताने. तो त्या घराचा मान. ती मूठ लागल्याशिवाय वाडीत कुणी रोप उपटत नसे. आणि आता आजीच्या कुणग्यातला चिखल आटून त्यावर कोंबड्या हिंडत होत्या.

चौघे चाकरमानी काकांच्याच पडवीत पत्ते मांडून बसले, कारण तिथून अक्षया दिसायची.

"तारीखबाई, दहातली आठ वर्षं कुठं गेली?"

"अरे, हे उरलेल्या दोनांतलं वर्ष आहे. आधीच लिहिलं होतं तिने, खाली."

"खालचं कोण वाचतो!"

"खालचं वाचत नाही म्हणूनच तुम्ही पत्ते खेळताय," अक्षया म्हणाली. सगळे हसले आणि तिला थोडं हलकं वाटलं. पण पडवीत बसवेना. तिने काकांच्या अडगळीतून बांबूच्या कामट्या काढल्या, त्यांवर खुणा केल्या आणि प्रत्येक कुणग्यात एक रोवून आली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पाणी आटतंय तर निदान कसं आटतंय ते पाहावं, एवढंच.

सहा तारखेच्या संध्याकाळी वरच्या कुणग्यांतल्या कामट्या कोरड्या जमिनीत उभ्या होत्या. मधल्यांच्या बुडाशी ओल होती. ती खाली मळ्यात उतरली आणि तिचा पाय पोटरीपर्यंत बुडाला.

तिने खूण पाहिली. आदल्या दिवशी होती तिथेच. पाणी हललंच नव्हतं.

ती तिथेच उभी राहिली. मळ्याच्या वरच्या अंगाला, बांधाच्या दगडांच्या फटींतून पाणी पाझरत होतं, निवांत, जसं काही वर ऊन पडलंय हे त्याला कुणी कळवलंच नाही. जूनभर सड्यावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून उतरत उतरत आत्ता इथे पोचत होता. वरचा कुणगा हवेसारखा होता, कालचा पाऊस आज विसरलेला. खालचा समुद्रासारखा, आळशी. आणि तिने या दोघांना एकाच चौकोनात घालून एकच तारीख काढली होती!

"काका!" ती बांधावरून धावत आली. "मळ्यात एवढं पाणी दर वर्षी राहतं?"

"राहतं की," काका म्हणाले. "तीच तर कटकट. कापणीला पण सुकत न्हाय. म्हणून तर सुपारीचा विचार."

"गेल्या वर्षी पाऊस थांबला होता तेव्हाही होतं?"

काकांनी आठवून पाहिलं. "होतं... असणार. काकी बादल्या तिथंच धुवायची."

"मग संदेशदादा पडवीत का बसला होता?"

पत्त्यांचा डाव थांबला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणाला सुचलं नव्हतं. वरून सुरुवात झाल्याशिवाय खाली कुणी उतरत नसे.

अनिल म्हणाला, "टिलर चालेल. खाली आत्ता चालेल. पण..." त्याने मान वरच्या बाजूला, गंगुबाईआजीच्या घराकडे वळवली.

*

गंगुबाईआजी मागल्या दारी कुळीथ निवडत होती. चौघे चाकरमानी, अनिल, काका आणि अक्षया असा घोळका पाहून तिने सूप बाजूला ठेवलं. "कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोण न्हाय गो आजी, तू हायस का ते बघायला आलाव," एक जण म्हणाला.

"मेल्या, मुंबईला जाऊन जीभ वाढली तेवढी."

काकांना बोलवेना. जन्मभर ते शेवटी लावत आले होते. आधी लावू द्या म्हणणं त्यांच्या तोंडात बसत नव्हतं. मग अक्षयाच बोलली. कामट्यांचं सांगितलं, पाझराचं सांगितलं. आकडे गाळून टाकले. "आजी, वर पाणी नाही, पण खाली आहे. माणसं आत्ता आहेत, पाऊस आला की नसतील. आधी खालून लावलं तर चालेल का?"

आजीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच काय गो ती तारीखवाली?"

"हो."

"चुकली तुझी तारीख."

"तुमच्या कुणग्यापुरती चुकली. काकांच्या कुणग्यापुरती नाही."

आजी हसली की खोकली ते कळलं नाही. "आणि माझं रोप? ते जून होऊन जाईल त्याचं काय?"

"तुमचं अजून कोवळं आहे, मी पाहून आले. आणखी आठ-दहा दिवस थांबेल. तोवर पाऊस येईल याची खात्री मी देत नाही. पण तेरा तारखेला तिघे येतायत, ते आधी तुमच्या कुणग्यात उतरतील. संदेशदादा पहिला."

"त्याला इचारलंस?"

"नाही अजून."

या खेपेला आजी नक्की हसली. मग काकांकडे वळून म्हणाली, "काशीराम, तू गप का? मुका झालास?"

"तुमचा मान हाय, गंगुबाईकाकी," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "पहिली मूठ वर..."

"मूठ माझी हाय," आजी म्हणाली, "ती कुठं लावायची तेपण माझंच. मान काय वरच्या चिखलात रुतून बसलाय? आणि तिथं आता चिखल तरी कुठं हाय, कोंबड्या नाचतायत." तिने पदर खोचला. "उद्या सकाळी मला खाली न्या. पायऱ्या उंच हायत, दोन्ही बाजूंनी धरा. पडले तर तुझी सुपारी ऱ्हाईल बाजूला, माझी लाकडं फोडावी लागतील."

सकाळी दोघांनी आजीला धरून मळ्यात उतरवलं. अनिलचा टिलर चिखल उडवत दोन फेऱ्या मारून बाजूला झाला. आजीने हौसाकाकीच्या हातून रोपांची जुडी घेतली, वर बघून काहीतरी पुटपुटली आणि पहिली मूठ काशीरामकाकांच्या सर्वांत खालच्या कुणग्यात लावली. वाडीत असं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते क्षणभर कुणालाच कळेना. मग आजीच म्हणाली, "बघताय काय? वाका!"

सगळे वाकले. अक्षयाही वाकली. तिच्या ओळी वाकड्या गेल्या आणि चाकरमान्यांनी त्यांवरून दिवसभर तिला पिडलं. वर ऊन होतं, पोटऱ्यांना गार पाणी होतं. काकांना गुडघ्यामुळे चिखलात उतरता येत नव्हतं. ते बांधावरून जुड्या फेकत होते आणि मध्येच सगळं थांबवून नुसते बघत होते.

*

पाऊस नऊ तारखेला परत आला, आणि चौघे सुट्टी संपेपर्यंत खालून वर लावत गेले. तेराला संदेश उतरला तेव्हा तो मुसळधार कोसळत होता. घरी पिशवी टाकून तो तसाच मळ्याकडे गेला. रोपांनी जीव धरला होता, सगळा मळा हिरवा झाला होता. अक्षया त्याच्या मागोमाग बांधावर आली.

"माझ्यासाठी काही ठेवलंच नाहीत," तो अक्षयाला म्हणाला.

"ठेवलंय की. गंगुबाईआजीचे वरचे कुणगे. मी तुझ्या वतीने कबूल केलंय."

"मला न विचारता?"

"तू पण माझा मेसेज मला न विचारता ग्रुपवर टाकला होतास."

संदेशने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. त्या आठवड्यात तो आणि बाकीचे दोघे वरून खाली उतरत गेले. आजी पडवीतून ओरडून त्यांच्या ओळी सरळ करत होती. मधले दोन कुणगे मात्र राहिलेच. तेवढी माणसं आणि तेवढे दिवस नव्हते. अक्षयाने वाडीच्या कुणग्यांचा नकाशा काढला आणि त्यात त्या दोघांवर खूण केली.

पंधराला सुपारीवाल्याचा फोन आला. काकांनी तो सगळ्यांसमोर घेतला. "नको," म्हणाले. "हां, नकोच. मळा लागलाय." फोन ठेवून ते काकीला म्हणाले, "भात वाढ." काकीने भात वाढला, स्वतःच्या ताटात जरा जास्तच.

निघायच्या दिवशी संदेश पऱ्याच्या कडेने एसटीपर्यंत अक्षयाला सोडायला आला. तिच्या पिशवीतून खुणा केलेल्या कामट्या बाहेर डोकावत होत्या. प्रत्येक कुणगा पाणी किती दिवस लक्षात ठेवतो, हे तिला पुढच्या जूनपासून रोज मोजायचं होतं, आणि ते काम अनिलने टिलरच्या भाड्यासारखी घासाघीस करून पत्करलं होतं.

"मग अक्षे," एसटी वळणावर दिसल्यावर संदेशने विचारलं, "पुढच्या वर्षी लावणी कधी?"

अक्षयाने पायरीवर पाय ठेवला आणि वळून विचारलं, "कुठल्या कुणग्यात?"